चवथीआधी फ्लॅश मीटर घ्यायचाय, बजेट ८ हजार. कोणता?

कुळागर
घरच्या गणपतीचे, माटोळीचे (मूर्तीवर टांगलेली फळं-पानं) फोटो यंदा नीट काढायचेत. गोडॉक्स टीटी६०० फ्लॅश दोन, ते लांबून पेटवायचा ट्रिगर, उजेड मऊ करायला एक सॉफ्टबॉक्स, एक छत्री आहे. पॉवर अंदाजाने बदला, स्क्रीन बघा, परत बदला, याचा कंटाळा आलाय. फ्लॅशचा उजेड मोजणारा हातातला मीटर हवा. ८ हजारांच्या वर जाणार नाही. जुना चालेल.

मांडवीकाठ
सेकोनिक एल-८५८डी. माझ्याकडे तोच आहे. हाय स्पीड सिंक (फार वेगवान शटरवर पेटणारा फ्लॅश) मोजतो, फ्लॅश किती वेळ पेटला तेही मोजतो. घ्यायचा तर हाच घ्या.

खाजेवाला
बजेट वाचलंत का बाब? आणि मीटर हवाय कशाला, कॅमेऱ्यात हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) फुकटात आहे.

सात_दशांश
हिस्टोग्राम अख्ख्या फ्रेमचा असतो. माटोळीतली काळपट पानं त्याला एकीकडे ओढतात, मूर्तीचा मुकुट दुसरीकडे. कुठला फ्लॅश किती देतोय ते त्यातून कळत नाही. मीटरचा पांढरा डोम लावून मोजलं की वस्तूवर पडणारा उजेड कळतो, पितळी समईच्या चकाकीने आकडा बिघडत नाही.
जुना सेकोनिक एल-३०८ बघा. मीटरवर आयएसओ १०० आणि शटर १/१२५, कॅमेऱ्यावरही तेच. कॉर्डलेस फ्लॅश मोड. मीटर मूर्तीच्या नाकाजवळ धरून बटण दाबा, मग ट्रिगरचं टेस्ट बटण दाबा. आधी एकेक फ्लॅश वेगळा, डोम त्या फ्लॅशकडे. शेवटी दोन्ही पेटवून डोम कॅमेऱ्याकडे. मुख्य फ्लॅशचा आकडा (अ‍ॅपर्चर) ८ आणि सावली भरणाऱ्या दुसऱ्याचा ५.६ आला तर फरक एक स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाचा. स्वतःची सावली डोमवर पडू देऊ नका, निम्म्या चुका तिथेच होतात.
५.६ च्या बाजूला बारीक ७ दिसला तर तो ५.६७ नव्हे. ५.६ अधिक सात दशांश स्टॉप, कॅमेऱ्यावर ७.१ लावा.

म्हापशेकर
टीटीएल (कॅमेरा फ्लॅशची पॉवर आपोआप ठरवतो ते) बंद करा. त्यात आधी येणारा चाचणीचा प्रीफ्लॅश आला की मीटर तोच मोजून मोकळा होतो.

सात_दशांश
टीटी६०० ला टीटीएल नाहीच. पण हाय स्पीड सिंक आहे, तो बंद ठेवा. ३०८ ला तो मोजता येत नाही.

खाजेवाला
समईची ज्योत मात्र काळी पडणार, बघा.

सात_दशांश
शटर १/३० करा. फ्लॅशचा उजेड तेवढाच राहतो, ज्योत दोन स्टॉप उजळते. मीटरवरही १/३० करायला विसरू नका, तो फ्लॅशसोबत खोलीतला उजेडही धरतो. ट्रायपॉड लागेल.

मांडवीकाठ
८५८ फ्लॅश आणि खोलीचा उजेड किती टक्के तेही दाखवतो.

ओलसर_कपाट
कुठलाही घ्या, पावसात सेल काढून ठेवा. सेल फुटला की स्प्रिंग हिरवी पडते, मग मीटर मधेच बंद पडतो. हवाबंद डबा, सिलिका जेल, आत ओलावा ४० ते ५० टक्के. तांदूळ घालू नका, भुसा आत जातो.

म्हापशेकर
तांदळाने काही होत नाही हो.

ओलसर_कपाट
होतं.

सात_दशांश
जुना मीटर घेताना त्याच जागी, त्याच पॉवरवर दहादा फ्लॅश मारा. आकडा एक दशांशापेक्षा जास्त हलला तर घेऊ नका. कायम अर्धा स्टॉप कमी किंवा जास्त दाखवत असेल तर चालेल, आयएसओ बदलून भरून निघतं. डोम पिवळा पडलाय का बघा. मिनोल्टाचे जुने मीटर मात्र टाळा, कंपनी २००६ साली कॅमेऱ्याच्या धंद्यातून बाहेर पडली.

खाजेवाला
हो, मिनोल्टा नकोच.

म्हापशेकर
मिनोल्टा नको, ३०८ घ्या.

कुळागर
मिनोल्टा ऑटो मीटर ४एफ घेतला. साडेसहा हजार. डोक्याची बाजू फिरते, त्यामुळे डोम कॅमेऱ्याकडे ठेवून आकडा वाचता येतो. एकच पेन्सिल सेल. दहा वेळा मोजला, हलला नाही.
आता अडचण वेगळीच. मूर्तीवर ८ आला तेव्हा माटोळीच्या कडेला १६. फोटोत कड पांढरी जळतेय.

सात_दशांश
फ्लॅश कडेपासून १ मीटर आणि मूर्तीपासून २ मीटर असणार. अंतर दुप्पट, उजेड चौथा हिस्सा, दोन स्टॉप. स्टँड २ मीटर मागे न्या, म्हणजे ३ आणि ४ मीटर, फरक एका स्टॉपच्या आत येईल. मूर्तीवरचे दोन स्टॉप भरायला पॉवर १/१६ वरून १/४ करा.

कुळागर
केलं. मूर्तीवर ८, कडेला ८ आणि बारीक ८. आणखी मागे जागा नाही, मागे दार आहे.

मांडवीकाठ
दार उघडा.

कुळागर
बाहेर पाऊस आहे. देव बरें करूं.