टोरंटोत मुलांना घेऊन बर्फावर कुठे जाता? अनुभव लिहा

डिसेंबर लागला की आमच्या घरी एकच धोशा, "स्केटिंगला कधी जायचं?" थोरला ९ वर्षांचा, धाकटी ५ ची, आणि आम्ही दोघं पस्तिशी ओलांडलेले. आम्ही लहानपणी बर्फ पाहिला तो काडीवरच्या गोळ्यात नाहीतर लग्नातल्या मठ्ठ्याच्या पिंपात. टोरंटो महापालिकेच्या उघड्यावरच्या रिंक (स्केटिंगसाठी तयार केलेली बर्फाची मैदानं) पन्नासेक आहेत, प्रवेश फुकट, नोव्हेंबरअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत चालू. म्हणजे प्रश्न पैशांचा नाही, निवडीचा आहे.

माझा पहिला अनुभव सांगते. रिंकचं नाव घेत नाही, पण फोटोत फार सुंदर दिसते. शनिवारची संध्याकाळ, उणे ११. बसायला उघड्यावरचे बाक. धाकटीच्या नाड्या हातमोजे घालून बांधता येईनात, म्हणून ते काढले. दुसऱ्या बुटापर्यंत बोटं बधिर, शेवटची गाठ दातांनी ओढली. मग तिचं हेल्मेट, तिचे हातमोजे, थोरल्याचे बूट, माझे बूट. सगळं झालं, उभे राहिलो, आणि बाईसाहेब म्हणाल्या, "आई, शू."

त्या दिवसापासून मी रिंक बघत नाही, नाड्या बांधायला उबदार खोली आहे का आणि बाथरूम किती पावलांवर आहे ते बघते. तुम्ही काय बघता?

दोन_पोरांची_आई
आमचं ठरलेलं ठिकाण म्हणजे एटोबिकोतलं कर्नल सॅम्युएल स्मिथ पार्क, किपलिंग आणि लेकशोअरच्या कोपऱ्याजवळ. ही चौकोनी रिंक नाही, झाडांमधून वळत जाणारी बर्फाची वाट आहे, साधारण २५० मीटरची, आठच्या आकड्यासारखी. (इंग्रजी आठ. आपल्या आठासारखी असती तर सगळे एका टोकाला जाऊन पडले असते.) तिथे हॉकी खेळू देत नाहीत, हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा गुण. चौकोनी रिंकवर पोरं पाच फेऱ्यांत कंटाळतात, इथे वळणापलीकडे काय आहे ते बघायला जातात. स्केट्स मात्र आपले आपण न्यायचे, भाड्याने मिळत नाहीत. सरोवर शेजारीच आहे, त्यामुळे वारा बोचरा. हवामानाच्या ॲपवर तापमान बघू नका, 'जाणवणारं' तापमान बघा.

गारठा
रिंकपेक्षा बुटांवर बोला लोकहो. पहिल्या वर्षी मुलाला कोरे करकरीत स्केट्स घेतले. पोरगं उभंच राहीना. कडेचा कठडा सोडला की दोन्ही पाय दोन दिशांना. मी तासभर "बॅलन्स ठेव, बॅलन्स ठेव" म्हणून त्याचं डोकं खाल्लं. शेवटी एका अनोळखी काकांनी पात्यावरून नख फिरवलं आणि म्हणाले, "याला धारच नाही." नवे स्केट्स बहुतेक वेळा धार न लावता येतात, हे दुकानात कोणी बोललं नव्हतं आणि मला विचारायचं सुचलं नव्हतं. धार लावून आणल्यावर तोच मुलगा, तीच रिंक, अर्ध्या तासात सुटा चालायला लागला. त्याची माफी मागितली, हॉट चॉकलेटसकट.

अजून थोडं. माप नेहमीच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान लागतं. "पुढच्या वर्षी होतील" म्हणून मोठे घेणं हा आपला राष्ट्रीय गुण इथे नडतो, घोटा आत हलत राहतो. मोजे एकच जोडी, पातळ. फिगर स्केटच्या टोकाला दाते असतात, चवड्याने रेटा दिला की तेच अडकून माणूस तोंडावर आपटतो. हॉकी स्केटला ते नसतात. घरी आल्यावर पाती कोरडी पुसा, नाहीतर गंज.

खडीसाखर
आम्ही मिसिसागाकर. सेलिब्रेशन स्क्वेअरला जातो, उन्हाळ्यात मुलं जिथे पाण्यात खेळतात तिथेच हिवाळ्यात रिंक होते. एका बाजूला सेंट्रल लायब्ररी, दुसरीकडे स्क्वेअर वन मॉल. ज्याला थंडी वाजेल तो लायब्ररीत, ज्याला भूक लागेल तो मॉलमध्ये, आणि नवरा पार्किंग शोधत. कधी बदल म्हणून ब्रॅम्प्टनचं गेज पार्क. तिथेही झाडांभोवती फिरणारी वाट आहे, संध्याकाळी दिवे लागले की दिवाळीची आठवण येते.

कृष्णाकाठ
गेल्या जानेवारीत सासू-सासरे सांगलीहून आले होते. सासरे ७१ वर्षांचे. घरी बसून कंटाळले म्हणून त्यांना शहराच्या एका छताखालच्या रिंकवर नेलं, प्रेक्षकांच्या बाकावर ब्लँकेट आणि चहाचा थर्मास देऊन बसवलं. मुलगा सरळ ताठ उभा राहायचा आणि धपकन मागे पडायचा. तीनदा बघितल्यावर आजोबा काचेपाशी गेले आणि ओरडले, "अरे, पवित्रा घे! पैलवान उभा राहतो तसा! गुडघे वाकव, छाती पुढे!" त्याला पवित्रा म्हणजे काय माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी काचेमागे स्वेटर-कानटोपीत घेऊन दाखवला. आजूबाजूची चार-पाच पोरंही बघत होती. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या प्रशिक्षक बाईंनी त्याला पहिल्यांदा सांगितलं ते हेच, गुडघे वाकव.

घरी येताना मला म्हणाले, "आम्हाला कृष्णेत पोहायला शिकवताना पाठीला भोपळा बांधायचे. इथे काय बांधतात?" मी म्हटलं, काही रिंकवर ढकलत न्यायला पांगुळगाड्यासारखा आधार मिळतो. त्यावर त्यांचं मत पडलं की भोपळा बरा, तो पाठीमागे असतो, त्याला धरून बसता येत नाही.

वेताळ
वेळापत्रक बघून निघा. एकाच रिंकवर एक तास कुटुंबांसाठी लीझर स्केट, म्हणजे निवांत स्केटिंग, आणि पुढचा तास शिनी, म्हणजे मोकळी हॉकी. मी न बघता पोरांना घेऊन गेलो आणि काठ्या-पकच्या धुमाळीपुढून परत आलो. आणि ६ वर्षांखालच्या मुलांना सीएसए (कॅनडाची मानक संस्था) मान्यताप्राप्त हॉकी हेल्मेट लागतं, सायकलचं चालत नाही.

उकडीचा_मोदक
नेथन फिलिप्स स्क्वेअरला सगळे 'पर्यटकांची जागा' म्हणून नाकं मुरडतात, मी त्याच्या बाजूने. भारतातून पाहुणे आले की दुसरं कुठे नेणार? १९६५ मध्ये उघडलेल्या सिटी हॉलच्या त्या दोन वाकड्या इमारती, वर कमानी, दिव्यांची अक्षरं, स्केट्स भाड्याने तिथेच, आणि सबवेचं क्वीन स्टेशन चालत पाच मिनिटांवर. फक्त शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा. ख्रिसमसच्या सुट्टीत सकाळी लवकर जा. झँबोनी (बर्फ गुळगुळीत करणारी गाडी) नुकतीच फिरून गेलेली असते, बर्फ आरशासारखा, आणि आपल्याला पडताना बघायला गर्दी नसते.

गार्डिनर महामार्गाच्या पोटाखाली बेंटवे नावाची २२० मीटरची स्केटिंगची वाट २०१८ मध्ये सुरू झाली, तिथे आम्ही पुढच्याच हिवाळ्यात गेलो होतो. बाहेर बर्फ पडत होता, आमच्या डोक्यावर महामार्गाचं छप्पर. गंमत वाटली, पण वरच्या गाड्यांच्या घरघरीत मुलांना हाका मारून घसा बसला.

चाळिशी_पार
मोठ्यांसाठी एक. मुलांना हेल्मेट घालून आपण मात्र कानटोपीत फिरतो. मी ४१ व्या वर्षी मागे पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. पडायचंच तर कुशीवर, आणि पडल्यावर बोटं लगेच मुठीत, मागून कोणाची पाती येतात सांगता येत नाही. मार्चमधल्या उन्हाच्या दुपारीही जपून. लादीखालच्या नळ्यांतून गार द्रव खेळवतात म्हणून शून्याच्या वर दोन-चार अंशांतही बर्फ टिकतो, पण वर पाणी सुटतं. त्यात बसकण मारलेली जीन्स घरापर्यंत वाळत नाही.

धागाकर्ती
कृष्णाकाठ, तुमच्या सासऱ्यांचा पवित्रा काल आमच्या दिवाणखान्यात घेऊन झाला, टीपॉय बाजूला सरकवून. धाकटी छान घेते, नवऱ्याची कंबर धरली.

या शनिवारी सकाळी १० ला सॅम स्मिथला जाणार आहोत. कोण कोण येतंय? माझ्याकडे लहान मुलांच्या १२ नंबरचे स्केट्स जास्तीचे आहेत, थोरल्याचे जुने, धार लावून ठेवलेत. कोणाला लागत असतील तर इथेच सांगा. आणि शू घरून करून या.