जुनी स्वस्त सेंटं घ्यावीत का?

गुलमंडीकर:
शहागंजात एक जुनं कटलरीचं दुकान बंद होत होतं. मागच्या फळीवर रेव्हलॉनच्या ‘चार्ली’ची बाटली मिळाली, खोक्यासकट, ३०० रुपयांत. हे सेंट १९७३ चं. माझी मावशी नांदेडला शिक्षिका होती, तिच्या कपाटात हेच असायचं.

‘चार्ली’ आजही मिळतं. नवं आणि जुनं कागदाच्या पट्ट्यांवर शेजारी शेजारी लावून बघितलं. नवं गोडसर, तासाभरात उडालं. जुन्याचा शेवटी उरणारा वास दुसऱ्या दिवशी सकाळीही होता, ओलसर, कडवट, रानातला. तो ओकमॉसचा. ओकच्या खोडावर वाढणारं हे, आपल्या काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाचं भाऊबंद. त्यातल्या दोन घटकांनी काहींना ॲलर्जी होते म्हणून युरोपानं २०१७ च्या नियमानं ते बंद केले. पण त्या काळी स्वस्त सेंटातही हा माल सढळ हातानं पडायचा. म्हणून मी म्हणतो, जुनी बाटली दिसली तर सोडू नका.

परभणीची फार्मासिस्ट:
दादा, वास मान्य. पण मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२ च्या वर. त्या दुकानाच्या पत्र्याखाली बाटलीनं किती उन्हाळे काढले? लिंबू-संत्र्याचे वरचे वास आधी विटतात. त्यांच्या सालीतल्या तेलातलं लिमोनीन हवा लागली की नुसतं विटत नाही, त्यातून ॲलर्जी करणारे पदार्थ तयार होतात. जुन्या कस्तुरी सेंटांत मस्क अँब्रेट ही कृत्रिम कस्तुरी असायची. ती लावून उन्हात गेलं की काहींच्या अंगावर पुरळ उठायचं, १९९५ मध्ये युरोपानं तिच्यावर बंदी घातली. तुम्ही ज्या घटकाचं कौतुक करताय, तो काढण्यामागं माणसांचा त्रास आहे. पुरळ घेऊन आलेली माणसं मी काउंटरवर रोज बघते.

खुलताबादी:
ताईंशी सहमत, पण माझं कारण वेगळं. दगडफुलाचा वास पाहिजे तर शमामा अत्तर लावा की! त्यात दगडफूलच पडतं, चरिला म्हणतात त्याला. आमच्या खुलताबादला जर्जरी जर बक्षच्या उरुसात छोटी कुपी कुणालाही परवडते. फाया कानात ठेवला की रात्रीपर्यंत काळजी नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आई बायकांच्या हाताला अत्तरच लावायची. घरचं सोडून परदेशी शिळं काहून घ्यायचं?

लातूरकर:
शमामा खरा, पण तो उतरवलाय कशात? कन्नौजला देग-भपक्यानं, म्हणजे तांब्याच्या भांड्यांत वाफ धरून, निघालेला अर्क चंदनाच्या तेलात उतरवायचे. चंदन महागलं. आता स्वस्त कुपीत बहुतेक वेळा लिक्विड पॅराफिन नाहीतर डीपीजी नावाचं रासायनिक द्रव निघतं. आजोबांच्या अत्तरदाणीतल्या कापसाला अजून चंदनाचा वास आहे, आणि बाजारातली कुपी संध्याकाळी नुसती तेलकट लागते. अत्तरातही जुनंच सरस, त्यामुळं माझं मत गुलमंडीकरांना.

गुलमंडीकर:
ताई, उन्हाचं खरंय. पहिला फवारा आंबटच लागला, दहा मिनिटांनी तो आंबटपणा गेला. रंग काळवंडला असता तर घेतलीच नसती. अंगाला लावत नाही, रुमालाच्या घडीत एक थेंब.

परभणीची फार्मासिस्ट:
रुमालाला असेल तर माझी निम्मी हरकत गेली. पण तो रुमाल घाम पुसायला वापरू नका, आणि ‘दिसली की घ्या’ असं सरसकट सांगू नका. सगळे तुमच्यासारखी पट्टी लावून थांबत नाहीत.

गुलमंडीकर:
बरोबर. रंग बघा, पट्टीवर अर्धा तास थांबा, अंगाला लावू नका, हे वर लिहायला पाहिजे होतं.

लातूरकर:
रविवारी संभाजीनगरला येतोय. अत्तरदाणी आणतो.

खुलताबादी:
मग मी शमामा आणतो. पट्ट्यांवर नावं लिहू नका, आधी वास घेऊ.