गोठा, धूळ आणि दमा: 'मुलांना मातीत सोडा' या पोस्टला उत्तर

श्वासकोश: काल इथे कुणी लिहिलं, "मुलांना गोठ्यात खेळू द्या, दमा होणारच नाही, अमेरिकेतल्या अमिश लोकांनी सिद्ध केलंय." रात्रभर डोक्यातून गेलं नाही. २०१६ चा तो अभ्यास ३० अमिश आणि ३० हटराइट मुलांचा. दोन्ही अमेरिकेतले ख्रिस्ती पंथ, वंश जवळचा, दोघंही शेतकरी. पण अमिशांचा गोठा घराला लागून, हटराइटांची शेती यंत्रांची. अमिशांच्या घरातल्या धुळीत एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातलं विष, हटराइटांच्या ६.८ पट. हटराइटांत ६ मुलांना दमा, अमिशांत एकालाही नाही. अमिशांच्या धुळीने उंदरांनाही दम्यापासून वाचवलं. मात्र टोल रिसेप्टर, म्हणजे पेशींवरचे जंतू ओळखणारे पहारेकरी, यांचा निरोप पुढे नेणारी मायडी८८ आणि ट्रिफ ही प्रथिनं ज्या उंदरांत नव्हती, त्यांना नाही. इथवर तुमचं बरोबर.

पण घरातल्या धूळकिड्यांचं डर पी २ हे प्रथिन एंडोटॉक्सिन ओळखणाऱ्या टीएलआर-४ या टोल रिसेप्टरच्या जोडीदाराची, एमडी-२ ची जागा घेतं आणि तोच रिसेप्टर ॲलर्जी पेटवतो. मात्रा किती, वय काय, यावर सगळं.

गोठ्याकाठची: पोस्ट माझीच. आम्ही चौघी बहिणी शेणामातीत वाढलो, एकीलाही दमा नाही. भावाचा मुलगा फ्लॅटमध्ये जन्मला, दर थंडीत घरघर. तुमची प्रथिनं राहू द्यात.

गिरणगावकर: राहू कशी देणार? माझे आजोबा कापड गिरणीच्या कार्डिंग (कापूस पिंजण्याच्या) खात्यात होते. कापसाच्या धुळीतही एंडोटॉक्सिनच. रविवारची सुट्टी संपली की सोमवारी छाती आवळायची. त्या धुळीने त्यांना वाचवलं नाही, मारलं.

नानासाहेब: धूळ सोडा. हल्ली पोरांना पंप देतात आणि जन्माची सवय लावतात. खरं दुखणं ते.

दोघांचीआई: नानासाहेब, हेच वाक्य ऐकून आमच्या घरात पंप कपाटात लपवला गेला. पहाटे तीनला लेकाचे ओठ निळे पडले, चार दिवस आयसीयूत काढले. सवय पंपाची लागत नाही, दमाच रोजचा असतो.

नानासाहेब: आमच्या शेजारचा मुलगा दिवसातून दहादा निळा पंप मारतो. ती सवय नाही तर काय?

श्वासकोश: ती सूज मोकाट सुटल्याची खूण आहे. निळा पंप फक्त नळ्या मोकळ्या करतो, सूज उतरवत नाही. म्हणूनच २०१९ पासून जागतिक मार्गदर्शनात मोठ्यांना आणि बारा वर्षांवरच्या मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका म्हटलंय. त्याला आजच डॉक्टरकडे न्या.

नानासाहेब: सांगतो त्याच्या वडिलांना. पण पंप मला पटलेला नाही.

गोठ्याकाठची: गिरणीचं मला माहीत नव्हतं. 'होणारच नाही' हे शब्द काढते. गोठा काढणार नाही.

दोघांचीआई: आणि ज्यांना दमा आहे त्यांना गोठ्यात पाठवू नका, हेही लिहा. वरच लिहा.