पाठीतलं पाणी, ‘कारण अज्ञात’ आणि सिक्वेन्सिंग: मुलांच्या मेंदूज्वरात ही तपासणी सरकारने आणावी का?

वर्धेचा मामा
गेल्या पावसाळ्यात माझा सहा वर्षांचा भाचा तापाने फणफणला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे झटके सुरू झाले. पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू-मणक्याभोवतीचा द्रव, तपासायला काढलं. ती नळी घेऊन लॅबपर्यंत मीच पळालो. तळाशी जेमतेम बोटाच्या पेरभर, नितळ. कल्चर (जंतू वाढवून बघायची चाचणी) निल, जपानी मेंदूज्वर निगेटिव्ह, डेंगी निगेटिव्ह. सतरा दिवसांनी पोरगा घरी आला, डावा हात अजून नीट उचलत नाही. डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय: मेंदूज्वर, कारण अज्ञात.

माझं म्हणणं असं की मेडिकल कॉलेजांत या नमुन्यांचं सिक्वेन्सिंग व्हायलाच हवं. यात एकेका जंतूची चाचणी लावत बसावं लागत नाही. नमुन्यातला सगळा डीएनए-आरएनए वाचतात, माणसाचा वगळतात आणि उरलेला कोणाशी जुळतो ते बघतात. २०१४ साली अमेरिकेत १४ वर्षांच्या एका मुलाचं निदान असंच झालं. चार महिने काही सापडत नव्हतं. तीस लाखांवर तुकडे वाचले, त्यातले ४७५ लेप्टोस्पायरा या जीवाणूचे निघाले. पेनिसिलिन दिलं, मुलगा बरा झाला. आमच्याकडे भाताच्या बांधीत अनवाणी उतरणाऱ्या पोरांना लेप्टो होत नाही का?

बालरोगवाला, अमरावती
भाच्याबद्दल वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या मागणीला माझा विरोध आहे, आणि तो वॉर्डात उभं राहून केलेला विरोध आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्या विद्यापीठाने ही तपासणी नावारूपाला आणली, त्यांचाच सात वर्षांचा हिशोब २०२४ मध्ये आला. ४,८२८ नमुन्यांपैकी ६९७ मध्ये काहीतरी सापडलं. संवेदनशीलता ६३ टक्के. म्हणजे जंतू असूनही शंभरातले सदतीस निसटतात. आपल्याकडे नेमके निसटणारेच जास्त. जपानी मेंदूज्वराचं मूल आमच्यापर्यंत येतं तोवर पाठीच्या पाण्यात विषाणू बहुधा उरलेला नसतो, उरतात त्या अँटिबॉडीज (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रथिनं), आणि त्या सिक्वेन्सिंगला दिसत नाहीत. टीबीच्या मेनिंजायटिसमध्ये (मेंदूच्या आवरणाची सूज) जंतू इतके थोडे असतात की कुठल्याही तपासणीत हुलकावणी देतात.

उत्तर प्रदेशातल्या गोरखपूरच्या मेंदूज्वराच्या साथी आठवा. कारण न सापडणाऱ्या कितीतरी मुलांत तिथे शेवटी स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा जीवाणूचा ताप) निघाला, तोही अँटिबॉडीज शोधणाऱ्या साध्या आयजीएम एलायझा चाचणीने. औषध काय, तर डॉक्सीसायक्लिन. बिहारात मुझफ्फरपूरला मुलं अशीच झटके येऊन दगावत होती, तिथे तर जंतूच नव्हता. २०१४ च्या तपासात कच्च्या लिचीतलं विष आणि रात्री उपाशी झोपलेल्या मुलांची उतरलेली साखर निघाली. तिथे ग्लुकोमीटर कामाचा होता.

पैसा आहे ना? मग आधी प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात साखर बघणारा, झटके थांबवणारा आणि पहिल्या तासात सेफ्ट्रायक्झोन-असायक्लोव्हिर (जीवाणूवरचं आणि विषाणूवरचं औषध) देणारा माणूस उभा करा.

लॅबमधली
डॉक्टर, तुमचा एकेक मुद्दा बरोबर आहे, निष्कर्ष मात्र पटला नाही.

चांदीपुरा घ्या. आपल्याच नागपूर जिल्ह्यातलं गाव. १९६५ मध्ये तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन संस्थेला याच नावाचा विषाणू मिळाला. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ गेली, तेव्हा स्पष्ट झालं की हा मुलांच्या मेंदूवर जातो. मधली ३८ वर्षं ‘कारण अज्ञात’ या शेऱ्याखाली किती मुलं गेली असतील, हा विचार मला सोडत नाही. तासाभरात चौदा ठरावीक जंतू त्यांच्या जनुकांवरून शोधणारं महागडं पीसीआर पॅनेल आहे ना, त्यात आजही चांदीपुरा नाही, जपानी मेंदूज्वर नाही, स्क्रबही नाही.

एक मात्र मामांना सांगते. हे यंत्र आणलं की उत्तर आलं, असं होत नाही. रसायनांत, हातमोज्यांवर, सगळीकडे जीवाणू असतात, तेही वाचले जातात. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी कोरा नमुना, लावल्याशिवाय मी कुठल्याही नावावर सही करणार नाही.

बालरोगवाला, अमरावती
आणि चांदीपुरा कळला तर? औषध नाही.

लॅबमधली
त्या मुलासाठी नाही, मान्य. पण शेजारच्या घरातल्या मुलासाठी त्या निदानाचा उपयोग आहे. भिंतीच्या भेगा बुजवून वाळूमाशीवर फवारणी करायची की डासांवर, हे त्यावरच ठरतं.

ढाक्यात शास्त्रज्ञ सेंजुती साहा यांच्या गटाने मेनिंजायटिसच्या मुलांचे नमुने वाचले. कारण न सापडलेल्या तिघांत चिकुनगुन्या निघाला, सगळे २०१७ च्या साथीतले. मग त्यांनी साधा पीसीआर बनवून जुने ४७२ नमुने तपासले, तर आणखी १७ सापडले. सिक्वेन्सिंग थोड्या नमुन्यांवर केलं, पुढचं काम स्वस्तात झालं. मला प्रत्येक मुलासाठी नको आहे, हे असं हवं आहे.

बालरोगवाला, अमरावती
हे असेल तर माझी हरकत नाही. पण ते ४७२ नमुने त्यांच्याकडे होते, ताई. आमच्याकडे उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर नाही. आहे त्या फ्रीजची वीज रात्री जाते, आरएनए सकाळपर्यंत टिकत नाही. पाणी मिळतं एक मिलिलिटर. कल्चर, पेशी, प्रोटीन, एलायझा यातच ते संपतं. काढतानाच आणखी दहा-वीस थेंब घेऊन वेगळे ठेवायचा नियम करा, फ्रीझर द्या, मग मी स्वतः नमुने पाठवीन.

वर्धेचा मामा
प्रत्येक मुलासाठी ही मागणी मी मागे घेतो. एलायझाचं मला माहीतच नव्हतं. भाच्याची फाइल आत्ता काढून बसलोय, स्क्रबची चाचणी त्यात कुठेच दिसत नाही.

दहा-वीस थेंबांचं वाचून आज सकाळी दवाखान्यात फोन केला. त्याच्या पाण्यातलं काही उरलंय का, विचारलं. ‘ते तेव्हाच टाकून दिलं,’ म्हणाले.