मैत्रिणीच्या मिस्टरांची हत्यारं विकायचीयेत, तिला कोणी फसवू नये म्हणून काय करू?

सई_मावळ
नमस्कार मंडळी, विषय जरा नाजूक आहे आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही म्हणून इथे टाकतेय. माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचे मिस्टर फेब्रुवारीत अचानक गेले, हार्ट अटॅक. भोसरीत एका कंपनीच्या टूलरूममध्ये (साचे, हत्यारं बनवायचा विभाग) बरीच वर्षं होते, व्हीआरएस घेतल्यावर तळेगावला घरामागे पत्र्याची शेड टाकून जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांची कामं करून द्यायचे. शेडमध्ये साडेचार फुटी लेथ (लोखंड फिरवत कापायचं मशीन) आहे, एक ड्रिल मशीन, बेंच ग्राइंडर, आणि भिंतीभर पाने, कानशी, टॅप, लाकडी खोक्यांतून ठेवलेली मोजायची साधनं, काय काय ते मला नावानिशी सांगता येणार नाही. मला पाना आणि पक्कड यातला फरक कळतो, तेवढंच.

आता झालंय असं की तिचा एक चुलत दीर येऊन म्हणाला वहिनी सगळं मिळून ४० हजार देतो, शेडही रिकामी करून देतो. भंगारवाला दोनदा दारात येऊन गेला, तो किलोवर मागतोय. ही म्हणते नेऊ दे गं ज्याला न्यायचंय त्याला, मला तो दरवाजाच उघडायचा नाहीये. आणि रात्री अकराला फोन करून विचारते, ह्यांना आवडेल का गं असं दिलेलं. मुलगी लग्न होऊन नाशिकला, मुलगा बंगलोरला आयटीत, दोघांना लेथचं काही कळत नाही. पावसाळा तोंडावर आलाय, गंज धरेल म्हणतात.

अजून एक, माझ्या सख्ख्या भावाला ते ड्रिल मशीन हवंय. मी विचारू का नको? मला मध्ये पडून वाईट व्हायचं नाहीये पण नुसतं बघत बसवतही नाही.

कानस_आणि_छिन्नी
सईताई, मी ३४ वर्षं टूलरूममध्ये काढली, आता घरी बसून नातवाची सायकल दुरुस्त करतो. थोडं लांब लिहितो, सवड काढून वाचा.

पहिली गोष्ट, आजच शेडला कुलूप आणि किल्ली वहिनींकडे. चुलत दीर असो की शेजारचा मदतीला आलेला पोरगा, "मी जरा लावून ठेवतो" म्हणणाऱ्या कोणालाही एकट्याला आत सोडू नका. चोर असतात असं नाही म्हणत मी, पण टूलरूममधल्या महाग वस्तू खिशात मावतात. लेथ कोणी खिशात घालून नेत नाही, मायक्रोमीटर नेतो.

मग एका दुपारी तुम्ही दोघी मोबाईल घेऊन जा आणि काही न हलवता फोटो काढा, प्रत्येक खण, प्रत्येक खोकं उघडून. नाव माहीत नसलं तरी चालेल, वस्तूवर जे कोरलंय ते वाचता येईल इतक्या जवळून काढा. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या डबीत मखमल किंवा फोम असेल तर ती मोजायची साधनं, मायक्रोमीटर, व्हर्निअर, डायल, बोअर गेज वगैरे. मितुतोयो, बेकर अशी कंपन्यांची नावं दिसतील. मितुतोयोच्या नकला बाजारात भरपूर आहेत, पण टूलरूमचा माणूस स्वतःसाठी सहसा नकली घेत नाही. एखाद्या चपट्या पेटीत चॉकलेटच्या वड्यांसारखे चकचकीत पोलादी तुकडे ओळीने लावलेले असतील तर ते स्लिप गेज, म्हणजे माप तपासायचे ठोकळे, ८७ किंवा ११२ नगांचा सेट असतो. त्यांना उघड्या बोटांनी हात लावू नका, घामाने डाग पडतात, आणि पेटीतले तुकडे इकडेतिकडे करू नका, एक हरवला तरी सेटची किंमत पडते.

दुसरं, भंगारवाला दोनदा का आला ते सांगतो. जुन्या मिठाईच्या डब्यात नाहीतर ब्रेकफ्लुइडच्या डब्यात करड्या रंगाचे छोटे छोटे चौकोनी तिकोनी तुकडे असतील, हातात घेतलं तर आकाराच्या मानाने भलतेच जड. ते कार्बाइडचे इन्सर्ट, मशीनवर धातू कापायची पाती. पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वजन असतं त्यांचं, आत टंगस्टन असतं, आणि झिजलेले असले तरी किलोला लोखंडाच्या कित्येक पटीने भाव मिळतो. ते लोखंडाच्या पोत्यात गेले की तुमचं नुकसान आणि त्याची दिवाळी. कार्बाइडचे एण्ड मिल, ड्रिल पण तसेच वेगळे काढा.

तिसरं कोणी सांगणार नाही म्हणून सांगतो. शेडमध्ये असलेलं सगळं त्यांचं नसतं. जॉबवर्क करणाऱ्याकडे पार्टीचे, म्हणजे काम देणाऱ्याचे फिक्श्चर, जिग (जॉब पकडायची साधनं), ड्रॉइंग, कच्चा माल पडलेला असतो, तो परत द्यायचा असतो. एखाद्या गेजवर कंपनीचं नाव आणि नंबर कोरलेला असेल तर तोही विकू नका, उगाच गेल्या माणसाच्या नावाला बट्टा. आणि हे उलटही असतं बरं का, त्यांची डायरी किंवा चलनबुक शोधा. लहान जॉबवर्कवाल्याची उधारी नेहमी थकलेली असते, पार्ट्या माणूस गेला की गप्प बसतात. कदाचित हत्यारांपेक्षा जास्त पैसा त्या डायरीत असेल.

गंजासाठी मशीन ऑइल कापडाला लावून हलक्या हाताने पुसा, मोजायच्या साधनांना पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश अजिबात नको. लेथच्या बेडला, म्हणजे खालच्या लांब पट्ट्याला, ग्रीस फासून वर पोतं टाका.

गॅरेजवाला_सातारा
मी येतो टेम्पो घेऊन, ५५ हजार रोख, आजच्या आज. चुलत दिरापेक्षा १५ जास्त 🙏

कानस_आणि_छिन्नी
न बघता ५५ देणाऱ्याला आत काय असेल याचा अंदाज आहे, म्हणूनच देतोय. ताई, असे अजून चार येतील. ढीग विकत घेणारा ढिगातल्या दोन वस्तूंवर पैसे वसूल करतो आणि बाकीचं फुकट नेतो.

उद्यमनगरी
कोल्हापूरहून. शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे, जुन्या लेथ घेतल्यात पण आणि विकल्यात पण. मशीनबद्दल एवढंच सांगतो की शेडचं थ्री फेजचं कनेक्शन मशीन विकल्याशिवाय तोडू नका!! बिल येतंय म्हणून लोक पहिलं ते बंद करतात. बंद मशीन बघून गिऱ्हाईक म्हणतं हेडस्टॉकचा (लेथचा गिअरवाला डावा भाग) आवाज येत असेल, गिअर गेले असतील, आणि पाडून मागतं. त्याच्यासमोर लेथ चालू करून एक बार टर्निंग करून दाखवली की बोलणं वेगळ्या भावात सुरू होतं. मिस्टरांच्या ओळखीचा एखादा टर्नर बोलवा तासाभरासाठी.

गिऱ्हाईक बेडवर चकजवळच्या (जॉब पकडून फिरवणारा भाग) बाजूला झीज बघणार, कारण काम जास्त तिथंच होतं, ते बघू दे, लपवू नका. मेक कुठला आहे, म्हणजे मशीन कुठे बनलंय ते बघा, राजकोट का बटाला का अजून कुठला, प्लेट असते हेडस्टॉकला. आणि चकाचे दोन्ही प्रकार, स्टेडी, फेसप्लेट, चेंजगिअरचा संच हे सगळं मशीनबरोबर ठेवा, ते सुटं विकून काही मिळत नाही आणि त्याच्याशिवाय लेथ लंगडी. क्रेनचा आणि टेम्पोचा खर्च कोणाचा हे भाव ठरवतानाच बोला, नंतर त्याच्यावरनंच भांडणं होतात.

निशिगंध७२
सई, मी तुझ्या मैत्रिणीच्या जागी होते. माझे मिस्टर मोटर वाइंडिंगचं काम करायचे. सगळे म्हणाले घाई नको करू, वर्ष होऊ दे, तुझं मन तयार झालं की बघू. मन काय तयार होतंय, सहा वर्षं तसंच ठेवलं. त्या सहा वर्षांत तांब्याची वायर हळूहळू गेली, कोणी मागितली म्हणून दिली, कोणी न मागता नेली, वाइंडिंगचं मशीन जाम झालं, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) बिघडला, आणि शेवटी घर रंगवायला काढलं तेव्हा सगळं भंगारात किलोवर गेलं. म्हणजे जे पहिल्या महिन्यात होऊ नये म्हणून थांबले तेच सहा वर्षांनी झालं. तेव्हा घाईही नको पण तारीख ठरवा. दसऱ्यापर्यंत म्हणा.

आणि तिला यादी करायला बरोबर घेच. नको म्हणेल, दारातच खुर्ची टाकून बसव. मला कोणी विचारलंच नाही की काय कशाचं आहे, सगळे डोक्यावरून बोलत होते, जसं काही मी त्या घरात नव्हतेच.

पुणे३८
भावनेचं झालं, आता कागदाचं. मृत्युपत्र नसेल आणि कुटुंब हिंदू असेल तर १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगा, मुलगी आणि गेलेल्या माणसाची आई, हयात असेल तर, हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, सारख्या हिश्श्याचे. लग्न झालेली मुलगीसुद्धा. लोक घर-जमिनीला हे लक्षात ठेवतात, मशीनला विसरतात. सासूबाई आहेत का? असतील तर त्यांना सांगूनच करा. कोर्टकचेरी करा असं नाही, एक व्हॉट्सॅप ग्रुप काढा चौघांचा, यादी टाका, काय कितीला गेलं ते त्याच दिवशी तिथे टाका. चुलत दिराला त्यात काही हिस्सा नाही, त्याला गिऱ्हाईक म्हणूनच वागवा, गोड बोलून.

मशीनवर बँकेचं कर्ज असेल तर आधी बँकेची एनओसी. जीएसटी नंबर असेल तर तो वारसाला रद्द करून घेता येतो, त्यांचा जो सीए असेल त्याला विचारा, मशीन विकायच्या आधी विचारा.

भावाचं: घेऊ दे की, पण भाव तू ठरवू नकोस आणि त्यानेही नाही. बाहेरच्या दोघांकडून किंमत काढा, मैत्रिणीच्या मुलांना कळवा की सईचा भाऊ घेतोय, आणि मग त्याने वरचा आकडा द्यावा. हे जमत नसेल तर त्याला दुसरीकडे मशीन बघायला सांग. मैत्री ड्रिल मशीनपेक्षा महाग पडते.

उद्यमनगरी
आणि ऑनलाइन टाकणार असाल तर, "मी आर्मीत आहे, न बघता घेतो, क्यूआर पाठवलाय स्कॅन करा पैसे येतील" असा फोन हमखास येणार. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणारेत. माझ्या मेव्हण्याचे गेलेत, इंजिनिअर आहे तो.

हात-हत्यारं पुण्यात बुधवारी रविवारी जुन्या बाजारात खपतात पण भाव कमी. त्यापेक्षा जवळच्या आयटीआयच्या फिटर टर्नरच्या सरांना सांगा, नुकती पास झालेली पोरं असतात, त्यांना नवं घेणं परवडत नाही. चालू स्थितीतलं चांगलं हत्यार नव्याच्या एक तृतीयांश ते निम्म्यात गेलं तर दोघांचं बरं, हा आपला माझा हिशोब. टपारियाचे पाने पक्कडी तर कोणीही घेतं.

गॅरेजवाला_सातारा
बरं ते ५५ चं सोडा, रागावू नका. खरं सांगायचं तर मला फक्त मोठा व्हाइस (जॉब आवळून धरायचा) पाहिजे, सहा इंची किंवा आठ. असला तर सांगा, नव्याचा भाव बघून निम्म्याला घेतो.

सई_मावळ
सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, तीन आठवडे लागले कारण मध्ये तिची सासू आजारी होती (हो, सासूबाई आहेत, ८१ वर्षांच्या, आणि पुणे३८ तुम्ही म्हणालात म्हणून त्यांना विचारलं तर म्हणाल्या मला पैसे नकोत पण त्याची पहिली कानस मला दाखवा).

निशिगंधाताई, खुर्ची टाकून बसवलं. पहिला अर्धा तास गप्प, मग मी एका वस्तूला पक्कड म्हणाले तर ती म्हणाली अगं तो टॅप हँडल आहे, आणि तिथून सुरूच झाली. कुठलं दिवाळी बोनसमधून घेतलं, कशासाठी गळ्यातलं मोडायला निघाले होते ते, सगळं. दोन दिवसांत १८६ फोटो आणि वहीभर यादी. मिठाईच्या डब्यातले ते जड तुकडे खरंच निघाले काका, दोन डबे. कंपनीचा नंबर कोरलेला एक गेजही निघाला, तो त्यांचे जुने सहकारी येऊन घेऊन गेले, तेच आता लेथ चालू करून दाखवायला येणारेत. डायरीतून चार पार्ट्यांची उधारी निघाली, दोघांनी फोनवर लगेच दिली, एक म्हणतोय आमच्याकडे नोंद नाही, त्याला चलनाचा फोटो पाठवलाय. चुलत दिराला यादी दाखवली तर म्हणाला मग मला परवडत नाही, आणि आता जेवायला येत नाही, ते बघू नंतर.

भावाला दुसरीकडे बघायला सांगितलं. फुगलाय जरा.

लेथ आणि मोजायची साधनं घाईने द्यायची नाहीत, दसरा म्हटलंय. ती फक्त एक तेलाची कुप्पी आणि सासूबाईंची ती कानस ठेवणार आहे.

गॅरेजवाले दादा, व्हाइस सहा इंचीच आहे, टेबलाला बोल्टने पक्का बसवलाय. रविवारी या, पण येताना १९ चा पाना घेऊन या, यादीत आमचा १७ आहे, २२ आहे, तेवढा १९ चा कोणीतरी आधीच नेलाय.