कथावस्त्रं म्हणजे नुसता 'पर्यटकी माल'?

सुईदोरा: काल रानवाटांनी लिहिलं की लाओस-व्हिएतनामच्या डोंगरांतल्या ह्मोंग जमातीच्या बायकांची कथावस्त्रं, म्हणजे भरतकामातून गोष्ट सांगणारी कापडं, ही परंपराच नाही, निर्वासितांच्या छावणीत परदेशी गिऱ्हाइकांसाठी निघालेला माल आहे. तेव्हापासून डोकं भणभणतंय. १९७५ला लाओस कम्युनिस्टांच्या हातात गेलं. ह्मोंग सेनापती व्हांग पाओच्या फौजेतून अमेरिकेच्या सीआयएसाठी लढलेल्यांची कुटुंबं मेकाँग ओलांडून थायलंडला, बान विनायच्या छावणीत आली. शेत गेलं, डोंगर गेला, सुई तेवढी उरली. त्या सुईने बायकांनी विमानं, जळती घरं, बांबू धरून नदी पोहणारी माणसं भरली. पोटासाठी विकलं, म्हणून ते खोटं?

रानवाटा: 'खोटं' हा शब्द तुमचा, माझा नाही. मूळ पांदाऊ म्हणजे फुलांचं कापड. त्यात गोगलगाईची वळणं, हत्तीचं पाऊल, बाळाच्या झोळीवरची नक्षी. कथावस्त्रांवर इंग्रजी वाक्यं भरलेली असतात. ती कोणासाठी?

सुईदोरा: वारली बायका लग्नाचा चौक भिंतीवर लिहायच्या. जिव्या सोमा मशे यांनी तीच चित्रकला कागदावर आणली. तिलाही मालच म्हणणार का?

हिंडफिरा: परंपरेचं राहू द्या. व्हिएतनामला सापा नावाच्या गावात ह्मोंग बायका हॉटेलच्या दारापर्यंत पाठ सोडत नाहीत. शेवटी एक पिशवी घेतली, अर्ध्या किमतीवर आणून. घरी धुतली तर बादलीभर निळं पाणी, यांचे दोन पांढरे शर्ट गेले. फसवणूक नाही तर काय?

कोष्टीण: नीळ आहे ती! पहिले काही धुणे वेगळेच करायचे असतात. छापील पॉलिएस्टर घेतलं असतं तर रंग गेला नसता. आणि अर्धी किंमत? भांगेच्या झाडाची साल सोलायची, धागा धाग्याला जोडत जायचं. हे काम त्या रस्त्याने चालता चालताही करतात. मग विणायचं, मेणाने नक्षी काढायची, निळीत पुन्हापुन्हा बुडवायचं, उकळून मेण काढायचं. आमच्या घरी माग होता. व्यापारी सासऱ्यांच्या लुगड्यात खोट काढून पैसे कापायचा, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

हिंडफिरा: मी व्यापारी नाही हो. घासाघीस सगळेच करतात.

कोष्टीण: म्हणूनच तर माग बंद पडले.

रानवाटा: चर्चेचा धागा कुठे चाललाय? माझ्या प्रश्नाला उत्तर नाहीच.

मिनेसोटाकर: मी देते. इथे अमेरिकेत सेंट पॉलला आमच्या शेजारच्या ह्मोंग आजींच्या भिंतीवर छावणीत भरलेलं कापड आहे. ते त्यांनी कधी विकलं नाही. आजींना इंग्रजी येत नाही, नातवाला ह्मोंग वाचता येत नाही. तो खालची इंग्रजी ओळ वाचतो, आजी चित्रावर बोट ठेवून पुढचं सांगतात. नदीपाशी आल्या की बोट थांबतं. त्यांची धाकटी बहीण पलीकडे पोचली नाही.

रानवाटा: ठीक आहे. ती वाक्यं फक्त गिऱ्हाइकासाठी, हे माझं म्हणणं मागे घेतो. पण जुनी नक्षी आणि हे एकाच नावाखाली विकू नये, यावर मी ठाम आहे.

सुईदोरा: काल एवढंच लिहिलं असतंत तर मी धागा काढलाच नसता.

हिंडफिरा: किमतीचं माझं चुकलं. पण दारापर्यंत पाठलाग करणं बरोबर का, त्यावर कोणी बोललंच नाही.