मदत हवी आहे: नाकाजवळचा त्वचेचा कॅन्सर पुन्हा आलाय

आम्ही सोलापूरचे. मामांच्या नाकपुडीलगतची बेसल सेल कार्सिनोमाची गाठ पूर्वी काढली होती. आता त्याच व्रणाच्या कडेला मोत्यासारखा चकचकीत फोड आलाय, टॉवेलनं तोंड पुसलं तरी रक्त येतं. बायोप्सीत तोच आजार निघाला. सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय.

चेहऱ्यावर पुन्हा आलेल्या गाठीला मोज सर्जरी चांगली, असं वाचलं. एकेक थर काढून सगळ्या कडा तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ती महाराष्ट्रात कुठे होते? की फ्रोझन सेक्शन (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून तपासणं) करून गाठ काढणं पुरेसं आहे? आधी बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलात दाखवावं, की थेट परळला टाटामध्ये? नंतरचा खड्डा फ्लॅपनं (शेजारचीच त्वचा सरकवून) भरतात की कानामागची त्वचा लावतात? कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया सविस्तर सांगा.